अस्वलाला आमंत्रण

रुंकू, २० ऑक्टोबर

प्रिय साव्हेता,

पार्सलवाल्या गेलूची गाडी उद्या इटलीला निघतेय. तुझ्यासाठी चीज, आलुबुखाऱ्याचा मुरंबा आणि आईने विणलेले मोजे पाठवतेय. हे पत्र मोज्यांत खुपसलंय, म्हणजे गेलूच्या हाती लागायचं नाही. फोनवर बोलले असते, पण फोन लावला की आई माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी राहते आणि तुझी इलिंका दुसऱ्या बाजूने ओढते. मग दोन बहिणींनी बोलायचं काय? हवापाणी!

तर ऐक. आपलं काम मंजूर झालं! पैसा युरोपचा, पण तो कशात घालायचा ते गावाने गावच्या सभेत ठरवायचं, असा हा कारभार. त्यासाठी नेमलेल्या गावच्या गटाची तुझी ताई प्रमुख, हे तुला माहीत आहेच. वर्षभर नुसती भांडणं चालली होती. फादरना चर्चचं छप्पर हवं, म्हाताऱ्या ओनिसिमला मेंढवाडा हवा. कोस्तान म्हणाला, पाहुण्यांसाठी खोल्या बांधा. मी म्हटलं, खोल्या बांधाल, पण पाहुणा इथे येऊन बघणार काय? तुझी मिशी? आपल्याकडे आहे आणि त्या हॉलंड-जर्मनीवाल्यांकडे नाही असं एकच आहे. अस्वल!

सभा हसली. ओनिसिम म्हणाला, "व्हेतुरिया, उद्या लांडग्यांसाठी खानावळ काढशील." पण मतं माझ्याच बाजूने पडली. डोंगरापलीकडच्या माळावर लाकडी केबिन बांधायची, तिला मोठी काच. पाहुण्यांनी आत गप्प बसायचं. तुझा भावजी तोआदेर समोर मका टाकणार, अस्वलं येऊन खाणार, पाहुणे फोटो काढणार. पाहुणे उतरायला कोस्तानकडे चार खोल्या, आपल्याकडे तीन.

आणि पाहुण्यांचं स्वयंपाकघर तुझं. हे मी सभेत ठरवून घेतलंय. पाहुणे यायला लागले की तुला लोकांच्या म्हाताऱ्या धुवायची गरज नाही. इलिंकाला आई मिळेल. याच्यासाठी तर मी हा सगळा खटाटोप केलाय, दुसरं काय?

आई मात्र छातीवर क्रुसाची खूण करते आणि म्हणते, "जनावराला जेवायला बोलावलं की ते एक दिवस घर विचारत येतं." म्हाताऱ्यांचं तू मनावर घेऊ नकोस.

तुझी ताई,
व्हेतुरिया

---

ब्रेशिया, ८ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच वाचलं आणि रडले. सिन्योरा एर्सिलियाने आतून विचारलं, "कोण गेलं गं?" म्हटलं, कोणी नाही, घरी बोलावलंय. तर म्हातारी रुसून बसली. संध्याकाळी सूपच घेईना. तीन वर्षं मी तिला न्हाऊमाखू घालतेय. तिच्या मुलांपेक्षा तिला मीच जवळची. मी गेले तर तिचं काय, हेही मनात येतं.

पण येईन. पुढच्या हिवाळ्याआधी येईनच.

एक विचारते, रागावू नकोस. ती केबिन शाळेच्या वाटेपासून किती लांब? आपण लहान होतो तेव्हा बाबांच्या मेंढवाड्यात अस्वल शिरलं होतं. आपण दोघी माळ्यावर एका गोधडीत होतो. लोक म्हणतात अस्वलाच्या गुरगुरण्याची भीती वाटते. मला ते गुरगुरणं आठवतच नाही. कुत्री भुंकत होती ती एकदम गप्प झाली, तेवढं आठवतं. अजून इथे रस्त्यावरचं कुत्रं भुंकता भुंकता थांबलं की माझे हात गार पडतात.

भावजींना सांग, इलिंकाला एकटीला कुठे सोडू नका.

साव्हेता

---

रुंकू, २८ मे

माझी घाबरट साव्हेता,

हिवाळाभर फोनवरच भागवलं, पत्र लिहायला बसायला वेळ कुठला! ईस्टरनंतर केबिन सुरू झाली आणि तुझ्या ताईचे पाय जमिनीवर नाहीत. हॉलंडचे आले, बेल्जियमचे आले. एक बाई तर काचेला नाक लावून रडत होती. म्हणाली, आमच्या देशात एवढं मोठं काही उरलंच नाही. समोर मादी होती, दोन पिल्लं घेऊन. पिल्लं मक्यात लोळत होती. खरं सांगू? माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

तोआदेर तर आता सर्कशीचा मालक झालाय. जीप घेऊन जातो, मक्याची पोती उतरवतो आणि दोनदा हॉर्न वाजवतो. पीप, पीप. पाचच मिनिटांत झाडीतून मंडळी हजर! पाहुण्यांना त्याचंच कौतुक. त्याला म्हणतात, तुम्ही अस्वलांचे मामा.

आणि मोठी बातमी: कोस्तानचा लुचियान स्पेनहून परत आला. कायमचा. बापलेक मिळून खोल्यांना रंग देतायत. गेल्या दहा वर्षांत या गावात परत आलेला तो पहिला माणूस. कोस्तान चर्चमध्ये उभा राहून पोराकडे असा बघत होता, की जणू कुणीतरी थडग्यातून उठून आलंय.

तू विचारशील म्हणून सांगते: सगळं ठीक आहे. परवा चर्चमध्ये सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले. सरकारी इशारा, "परिसरात अस्वल दिसले आहे, घराबाहेर पडू नका." फादरचाही फोन झग्याच्या आत वाजला, पोरं खो-खो हसली. वरच्या आळीला कुणीतरी काहीतरी पाहिलं म्हणे. एवढंच.

तुझ्या म्हातारीला नमस्कार. तिला म्हणावं, आता पोरगी परत दे आमची.

ताई

---

ब्रेशिया, १४ जून

ताई,

पार्सल मिळालं. त्यात इलिंकानेही आपली चिठ्ठी घातली होती, तुला माहीत नसेल. तिचे शब्द तसेच लिहिते:

"आई, आता मी शाळेत चालत जात नाही. काका जीपने नेतात आणि आणायला येतात. शाळेबाहेर हॉर्न वाजवतात, मी पळत जाते. बाईंनी मधल्या सुट्टीत मैदानावर जायचं बंद केलंय. आम्ही वर्गातच पकडापकडी खेळतो. आजी कोंबड्यांना दाणे टाकायला जाते तेव्हा मी खिडकीतून पातेलं वाजवते. मज्जा येते."

ताई, शाळा आपल्या घरापासून किती लांब आहे ते मला ठाऊक आहे. चार घरं आणि चर्च. तिथे जायला जीप लागते? आणि आई कोंबड्यांकडे जाताना पातेलं कशाला वाजवावं लागतं?

तू लिहिलंस सगळं ठीक आहे. तू खोटं बोलतेस असं मी म्हणत नाही. पण तुझी जुनी सवय मला माहीत आहे. बाबा गेले तेव्हाही तू मला फोनवर "जरा ताप आहे" असंच सांगितलं होतंस.

मला खरं काय ते लिही. इथे माझं आहे तसंच चाललंय, त्याचं विचारू नकोस.

साव्हेता

---

रुंकू, ३० ऑगस्ट

साव्हेता,

दोन महिने तुझं पत्र पिठाच्या डब्यावर ठेवलंय. रोज पीठ काढताना दिसतं. आज लिहिते.

केबिन आता डोंगरापलीकडे नाही. पहिल्याच महिन्यात पावसाने वरचा रस्ता खचला, जीप चढेना, दोन वेळा पाहुणे चिखलात अडकले. एका बाईने घरी जाऊन वाईट काहीबाही लिहिलं. मग आम्ही सभा घेतली आणि केबिन खाली आणली, जुन्या लाकूडगिरणीच्या मागे. परवानगी वरच्या जागेची होती. पण हात वर झाले, जवळजवळ सगळ्यांचे. पहिला माझा.

तिथून गाव दिसतं. गावाला केबिन दिसत नाही, पण तिथून गाव दिसतं.

मे महिन्यात अस्वल पहिल्यांदा खाली उतरलं. वरच्या आळीतल्या रिकाम्या घरांच्या बागांत. तुला माहीत आहे ना, किती घरं बंद आहेत. स्पेनला गेलेल्यांची, इटलीला गेलेल्यांची, तुझंही. झाडांना फळं लागतात, तोडायला कोणी नाही. जुलैत आलुबुखारे पिकले आणि खाली पडून आंबले. अस्वलांना मेजवानीच. आधी लोक दारातून बघायचे, फोटो काढायचे. मग एक दिवस दुपारी, भर उन्हात, म्हाताऱ्या मारियोआराच्या गोठ्याची फळी तोडून अस्वलाने डुक्कर नेलं. ते डुक्कर ओरडत होतं साव्हेता, चढणीवरून वर जाईपर्यंत ओरडत होतं, आणि आम्ही सगळे आपापल्या घरात दारं लावून ते ऐकत होतो. कोणी बाहेर आलं नाही. मीही नाही.

तेव्हापासून ओनिसिम दारू पिऊन माझ्या फाटकासमोर उभा राहतो. "प्रमुखबाई, तुमचे पाहुणे जेवून गेले का?" म्हणतो. तो विष घालणार म्हणून सगळीकडे सांगत फिरतो. त्याने तारेचा फास लावला असंही लोक म्हणतात. ती मादी आता पुढच्या पायाने लंगडते. तोआदेर सांगतो, लंगडायला लागल्यापासून ती मक्यावर जास्तच अवलंबून झालीय. हॉर्न वाजला की आधी तीच येते. थांबतसुद्धा नाही.

केबिन बंद करा म्हणावं, तर लुचियानचा चेहरा समोर येतो. ऑक्टोबरपर्यंत पाहुणे ठरलेले आहेत. मी काय करू?

आणि हे काय, गेलू म्हणाला तू पार्सल आता बसस्टँडवर येऊन घेतेस, घरी नाही? म्हातारीने गाडी दारात लावायला बंदी केली का?

ताई

---

ब्रेशिया, १२ सप्टेंबर

ताई,

पहिल्यांदा माझं. म्हणजे तुला पुढचं नीट ऐकू येईल.

सिन्योरा मे महिन्यातच गेली. झोपेत. तिच्या मुलांनी माझ्यासमोरच कुलूप बदललं. तेव्हापासून मी आपल्याकडच्याच तीन बायकांबरोबर एका खोलीत राहते, तासावर जिने पुसते. तुला कळवलं नाही, कारण तू आनंदात होतीस. आणि मला तुझ्या दारात पिशवी घेऊन यायचं नव्हतं. तुझं स्वयंपाकघर तयार झालं की कामाला म्हणून यायचं होतं. रोज जिना पुसताना मी मनात त्या स्वयंपाकघरात भांडी लावत होते. ताई, मलाही ती केबिन चालायला हवी होती. म्हणून मी जूननंतर तुला परत विचारलं नाही. उत्तर येईना, तेव्हा मला कळलंच होतं. तरी नाही विचारलं.

आता विचारते. तू सभेला विचारलंस, गावाने हात वर केले. ज्यांच्या बागांत अस्वल बसतं त्या आम्हाला कोणी विचारलं? शाळेतल्या बाईंना? आईला? खिडकीत पातेलं घेऊन उभ्या राहणाऱ्या माझ्या पोरीला?

मी ओरडत नाहीये. मला भीती वाटतेय, ती अशीच बाहेर पडते. इथे इमारतीत फरशी पुसते तेव्हा वर कुणीतरी दार आपटतं आणि मी दचकते. खोलीतल्या बायका म्हणतात, साव्हेता झोपेत मुलीला हाका मारते.

पुढच्या सभेत ती केबिन बंद कर. लुचियान परत स्पेनला जाईल, जाऊ दे. नाहीतर इलिंकाला गेलूबरोबर इथे पाठव. चौघींत पाचवी झोपेल, पण झोपेल तरी.

आणि भावजींना सांग, शाळेसमोर तो हॉर्न वाजवू नका. का ते मला नीट सांगता येत नाही. पण नका वाजवू.

साव्हेता

---

जिल्हा इस्पितळ, १७ ऑक्टोबर

साव्हेता,

तू फोनवर इलिंकाचा आवाज ऐकलास. ती ठीक आहे, तिच्या अंगावर ओरखडाही नाही, हे मी पुन्हा लिहिते, कारण मला पुन्हा पुन्हा लिहावंसं वाटतं. बाकीचं फोनवर बोलता आलं नाही. इथे रात्रंदिवस बसून आहे, नर्सने कागद दिलाय.

तुझं पत्र आलं तेव्हा मी तोआदेरला हॉर्नचं सांगितलं. तो हसला. म्हणाला, "तुझी बहीण इटलीत बसून अस्वलांची शिकवणी घेते का?" पण शाळेसमोर हॉर्न वाजवणं बंद केलं त्याने. सभा मी या रविवारी ठेवली होती. शेवटचे पाहुणे शनिवारी जाणार होते, म्हणून रविवारी. एक आठवडा, असा मी विचार केला. एका आठवड्याने काय होतंय?

मंगळवारी शाळा सुटायच्या वेळी धुकं होतं. तोआदेर फाटकाशी जीप लावून उभा. इलिंका येऊन मागे बसली. मारियोआराचा नातू दप्तर शोधत मागे राहिला होता. तोआदेर त्यालाही न्यायचा, आजी म्हातारी म्हणून. पोरगं येईना. तोआदेरचा हात गेला हॉर्नवर. दोनदा. त्याने मला नंतर खुणेने दाखवलं, बोटाने हवेत दोनदा दाबून. सहा महिन्यांची सवय. हाताला कुठे कळतं?

ती लंगडी मादी गिरणीकडूनच आली असणार. इलिंका सांगते, आधी चर्चमागची कुत्री भुंकत होती, मग भुंकायची थांबली. मग लंगडत येताना दिसली, घाई नव्हती तिला, सरळ जीपकडे. जेवायला यावं तशी. जीपमध्ये मका नव्हता. आणि तेवढ्यात ते पोरगं दप्तर पाठीला अडकवून दारातून बाहेर पडलं, जीप आणि तिच्यामध्ये.

तोआदेर उतरला. बंदूक नव्हती, काठी नव्हती. त्याने स्वतःचा कोट काढून तिच्या तोंडावर फेकला आणि ओरडला, "आत जा! आत!" बाईंनी पोराला दंडाला धरून आत ओढलं आणि दार लावलं. ते दार लागल्यावर तोआदेरला जायला जागाच राहिली नाही.

इलिंका काचेतून बघत होती. सगळं. तिने जीपच्या आतून काचेवर हात आपटले, पातेलं वाजवतो तसे. शेवटी ओनिसिम आला, कुत्री घेऊन, हातात जळता टेंभा, आणि शिव्या देत. कुत्र्यांनी तिला मागे रेटलं. तोच ओनिसिम, ज्याच्या फासाने ती लंगडी झाली असं म्हणतात. त्यानेच तोआदेरला उचलून आणलं. मेयर, वनखात्याची माणसं आणि जनावरांचे डॉक्टर आल्यावर मादीला गिरणीमागे गोळी घातली. ती केबिनसमोर बसली होती. मक्याची वाट बघत.

तोआदेर जगेल. उजवा डोळा गेला. जबडा तारांनी बांधलाय. उजवा हात मिटत नाही. काल पाटीवर डाव्या हाताने लिहिलं: "पोरगं?" मी म्हटलं, घरी आहे, आजीने त्याला अंगणातसुद्धा सोडलेलं नाही. मग त्याने डोळा मिटला.

सभेत पहिला हात माझा होता. तू मला काय म्हणशील ते म्हण. मी ऐकेन. पण आत्ता घरी आई आणि इलिंका दोघीच आहेत, आणि मला इथून हलता येत नाही.

व्हेतुरिया

---

रुंकू, १६ नोव्हेंबर

ताई,

तुझ्याच टेबलावर, तुझ्याच पेनाने लिहितेय. पिठाचा डबा शेजारी आहे. गेलू उद्या इस्पितळावरून जाणार, त्याच्याकडे सूप आणि हे पत्र देते. सूप भावजींना नळीने देता येईल असं गाळून घेतलंय. म्हातारीचा तेवढा सराव मला आहे.

तुला काय म्हणू? गाडीत दीड दिवस बसून मी तुला बोलायच्या गोष्टी जमवत आले. दार उघडलं तर इलिंका माझ्या कमरेला अशी चिकटली की जमवलेलं सगळं विसरले. ती बोलत नाही फारसं. जेवताना दाराकडे तोंड करून बसते. आई तिला गोष्ट सांगते आणि गोष्टीत प्राणी आला की तो बदलून मासा करते.

सभा काल झाली. तुझ्या खुर्चीवर कोणी बसेना, मग मला बसवलं. कोस्तान म्हणाला, "ही कोण? ही तर इटलीची." मी म्हटलं, "हो, इटलीची. माझ्या बागेत तुमचं अस्वल जेवतं, तेव्हा मला विचारायला आलात का?" लोक हसले नाहीत. मग मलाच वाईट वाटलं, कारण कोस्तान उभा राहिला आणि त्याचा आवाज फुटला. "केबिन बंद केलीत तर माझा पोरगा जाईल. तुम्हाला अस्वलाची भीती वाटते. मला रिकाम्या खोलीची वाटते. तीही माणसाला खाते."

ओनिसिम म्हणाला, "मला विष आणून द्या, आठवड्यात डोंगर साफ करतो." काही जणांनी टाळ्या वाजवल्या. जिल्ह्याहून आलेल्या बाई म्हणाल्या, विष घालाल तर तुरुंग. आणि त्यांनी हेही सांगितलं, की पुढच्या काळात असे गावांचे गट राहतील की युरोपच्या पैशाचं सगळं राजधानीतून ठरेल, हे वर अजून नक्की नाही. मागून मारियोआरा ओरडली, "बरंच होईल! आपण ठरवलं आणि काय झालं ते बघितलं ना!"

ताई, त्या क्षणी सगळं सभागृह मान हलवत होतं. मला अस्वलापेक्षा त्या मानांची भीती वाटली. मी काही भाषण तयार केलं नव्हतं. एवढंच म्हणाले, "राजधानीतल्या माणसाला आपली शाळा कुठे आहे ते माहीत नाही. आपल्याला माहीत होतं. तरी आपण चुकलो. पण चुकलो ते कुणासमोर? एकमेकांसमोर. मारियोआरा, तू ताईच्या तोंडावर थुंकू शकतेस. राजधानीवाल्याच्या तोंडावर थुंकायला तुला बसचं तिकीट काढावं लागेल." तेव्हा मारियोआरा रडत रडत हसली.

हात वर झाले. केबिन बंद, थोडक्या मतांनी. विषही नाही, तेही थोडक्याच. गिरणीमागची केबिन उतरवून तिची लाकडं शाळेच्या कुंपणाला. ओनिसिम रागाने उठून गेला, कोस्तान त्याच्या मागोमाग. लुचियान मात्र बसून राहिला. तो राहील की जाईल, त्यालाही माहीत नसावं. आज सकाळी तो शिडी घेऊन वरच्या आळीत गेला, रिकाम्या घरांमागची उरलेली सफरचंदं तोडायला. आधी आम्ही घरवाल्यांना फोन लावले, स्पेनला, जर्मनीला: तोडू का? एकाने उलट विचारलं, "अजून लागतात त्या झाडाला?"

सगळं नीट झालं असं समजू नकोस. मादी गेली, पण तिची दोन्ही पिल्लं आता कुत्र्याहून मोठी झालीत आणि त्यांना गावाशिवाय दुसरं जेवण माहीत नाही. गुरुवारी फोन पुन्हा किंचाळले. मी दार लावलं, आडणा घातला, इलिंकाला मांडीवर घेतलं आणि आम्ही तिघी बसून राहिलो. मी दोनदा उठून आडणा चाचपून आले. इलिंका म्हणाली, "आई, तू पण घाबरतेस?" मी हो म्हटलं. मग ती थोडी सैल झाली, काहीतरी उमगल्यासारखी माझ्याकडे बघत राहिली.

तू परत आल्यावर मी जाईन की राहीन, विचारू नकोस. ब्रेशियाच्या खोलीचं महिन्याअखेरपर्यंत ठरवायचंय. आई रोज सकाळी विचारते आणि मी रोज वेगळं उत्तर देते.

सभेत आणखी एक ठरलं. जीप नाही, गाडी नाही. मुलं आता सगळी मिळून चालत जाणार, बरोबर दोन मोठी माणसं, पुढे-मागे ओनिसिमची कुत्री. कुत्री द्यायला तो कसा तयार झाला, ते त्यालाच ठाऊक. आज सकाळी दारात बांधून गेला. पाळ्या लावल्यात. कोस्तानचंही नाव आहे, त्याने खोडलेलं नाही.

उद्या पहिली पाळी माझी आणि मारियोआराची. धुकं असेल असं रेडिओवर सांगितलंय. इलिंकाने स्वतःच बूट दारापाशी काढून ठेवलेत. मला खूप भीती वाटतेय, ताई. सकाळी मुलांना घेऊन निघते.

साव्हेता